शेऱ्याच्या रकान्यातला एक शब्द

(जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या आठवड्यात, मिशनच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात आमच्या एका कार्यकर्त्या भगिनीने केलेलं भाषण. वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



दर वर्षी या मेळाव्यात मी सेवेचा अहवाल देते. किती पाड्यांवर गेलो, वसतिगृहात किती मुलं आली, किती कुटुंबांना शेळ्या मिळाल्या. या वर्षीचा अहवाल छापील स्वरूपात तुमच्या हाती आहेच. आज मला त्याऐवजी एक कबुली द्यायची आहे. मी एका बाईबद्दल आमच्या वहीत एक शब्द लिहिला होता. तो लिहायला मला क्षणभर लागला. तो खोडायला सहा वर्षं गेली.

ही गोष्ट सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. नाव आणि पाडा सांगायचा नाही, एवढीच तिची अट आहे. ती मी पाळणार आहे.

मी तेव्हा सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगरी भागात नवीन होते. तिथे गाव म्हणजे एका जागी दाटलेली घरं नसतात. एक घर या टेकडीवर, दुसरं पलीकडच्या उतारावर, मध्ये ओढा. आम्ही घरोघर पाहणी करत होतो. वहीत रकाने आखलेले होते: कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, जमीन किती, शिक्षण, आणि शेवटी 'शेरा'.

एका घरात विशीतली एक बाई खांबाला दोरीने बांधलेली होती. आत झोळीत तीन आठवड्यांचं मूल रडत होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती भराभर काहीतरी बोलत होती, मध्येच हसत होती, मध्येच दचकत होती. मला तिची भाषा तेव्हा येत नव्हती. घरच्यांना विचारलं, काय झालं? सासू म्हणाली, डाकिणीने नजर लावली. नवरा म्हणाला, कामं टाळायची सोंगं आहेत. आमच्याबरोबर आलेले सुवार्तिक बंधू हळूच म्हणाले, ताई, हे दुरात्म्याचं काम दिसतं. मी काहीच बोलले नाही. मी शिकलेली होते ना! मी फक्त शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वेडसर', आणि पुढच्या घराची वाट धरली.

चार माणसांनी तिला चार नावं दिली. तिला मात्र कुणी काही विचारलं नाही.

दोन दिवसांनी उपकेंद्राच्या नर्सबाई लसीकरणासाठी त्या पाड्यावर आल्या. त्यांनी आधी दोरी सोडायला लावली. मग तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि सासूला विचारलं, "ही किती रात्री झोपलेली नाही?" सासूने बोटं मोजली. आठ, कदाचित नऊ. "बाळंतपणाआधी कधी अशी होती का?" नाही. "ताप? रक्त जातंय का? बाळाला पाजते का?" मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि घरच्यांना सांगितलं, "हे बाळंतपणातलं आजारपण आहे. हिला आजच दवाखान्यात न्यायचं."

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हजारात एक-दोन स्त्रियांना असा तीव्र मानसिक आजार होतो. झोप उडते, भास होतात, नको ते संशय येतात. आईच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून त्यात दिरंगाई चालत नाही. आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. ही बाईही बरी झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केल्यावर आमचे तेच सुवार्तिक बंधू सोबत राहिले. रात्री ते तिच्या नवऱ्याबरोबर व्हरांड्यात प्रार्थना करत आणि सकाळी चिठ्ठी घेऊन औषधाच्या रांगेत उभे राहत. तिसऱ्या महिन्यात ती बाळाला पाठीशी बांधून शेतात निंदणी करताना मी पाहिली.

इथे अहवालातली गोष्ट संपते. टाळ्याही पडतात. पण वहीतली गोष्ट संपली नव्हती.

वह्या भरतात, नव्या येतात, आणि नव्या वहीत जुन्या वहीतून नावं उतरवली जातात. तिच्या नावाबरोबर माझा शेराही उतरला. पुढे पाड्यावर बचत गट सुरू झाला. दोन शेळ्यांसाठी तिने कर्ज मागितलं. कुणीतरी वही उघडून म्हणालं, ही तर वेडसर आहे, हिला पैसे दिले तर फेडणार कोण? तिचा अर्ज मागे पडला. पुढच्या वर्षी पुन्हा मागे पडला. कारण तिला कुणी सांगितलं नाही. मी त्या बैठकांना नव्हते, त्यामुळे मलाही कळलं नाही.

त्याच सुमारास आम्ही प्रौढ साक्षरतेचा वर्ग घेत होतो. ती कधी चुकवत नसे. बाराखडी झाली, साधे शब्द झाले. एका संध्याकाळी मी गटाची वही उघडून बसले होते. ती शेजारी बसून ओळीवरून बोट फिरवत वाचत होती. आधी स्वतःचं नाव वाचलं. मग नवऱ्याचं. मग बोट शेवटच्या रकान्यात गेलं. वे, ड, स, र.

"ताई, हे माझ्याबद्दल लिहिलंय?"

बंधुभगिनींनो, आम्हीच तिला अक्षरं शिकवली होती. आणि त्या अक्षरांनी तिने स्वतःविषयी जे पहिल्यांदा वाचलं, ते मी लिहिलेलं होतं. मला मान वर करता येईना. ती रागावली नाही. म्हणाली, "बाळंतपणात मी आजारी पडले होते. बरी झाले. मग हे अजून कशाला ठेवलं?" मी विचारलं, "मग काय लिहू?" तिने थोडा विचार केला. "नाव लिहिलंय ना? पुढचं रिकामं ठेवा."

डिप्लोमाच्या वर्षांत मी 1 शमुवेलचा पहिला अध्याय कितीदा वाचला असेल. परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता. पण हन्नेची गोष्ट मला खरी समजली ती त्या संध्याकाळी. हन्ना शिलो येथे मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. दाराच्या खांबाजवळ बसलेल्या एली याजकाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं की ही बाई प्यायलेली आहे. एली काही दुष्ट नव्हता. देवाच्या घराची काळजी वाहणारा म्हातारा माणूस होता. त्याचं चुकलं ते एवढंच, की विचारायच्या आधी त्याने नाव ठेवलं.

आणि हन्नेने ते नाव स्वीकारलं नाही. तिने आदर सोडला नाही, पण स्पष्ट सांगितलं की मी मद्य घेतलेलं नाही, मी दुःखाने पिचलेली आहे, मला हलकी बाई समजू नका. एलीचं मोठेपण पुढे आहे. त्याने वाद घातला नाही. याजकाचा शब्द खाली कसा पडू द्यायचा, असा विचार केला नाही. आपलं बोलणं बदललं आणि तिला शांतीचा आशीर्वाद दिला. शास्त्र सांगतं की मग ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला नाही. लक्षात घ्या, शमुवेल तेव्हा जन्मलेला नव्हता. तिच्या परिस्थितीत काहीच बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते याजकाचं तिच्याशी बोलणं.

मला आज एवढंच सांगायचं आहे. आपण दिलेलं नाव ही रस्त्यावरची पाटी असते. घरचे लोक ती वाचून चालू लागतात. 'डाकीण' म्हटलं की रस्ता बडव्याकडे जातो, आणि सातपुड्यात या शब्दापायी बायकांना मारहाण झाली आहे, गाव सोडावं लागलं आहे. 'सोंग' म्हटलं की रस्ता काठीकडे जातो. 'वेडी' म्हटलं की रस्ता माहेरी जातो, आणि मागे दुसरं लग्न लागतं. 'आजारी आहे' म्हटलं तरच रस्ता दवाखान्याकडे वळतो. बाई तीच असते. पाटी चुकली की तिचे महिने जातात, वर्षं जातात, कधी जीव जातो.

डोंगरातल्या लोकांना अजून कळत नाही, असं म्हणून सुटका करून घेऊ नका. आपण शहरात काय बोलतो? पुण्यात म्हणतात, याला येरवड्याला पाठवा. मुंबईकडे म्हणतात, ठाण्याला न्या. कोकणात रत्नागिरीचं नाव घेतात, विदर्भात नागपूरचं. महाराष्ट्रात शासनाची ही चार मनोरुग्णालयं आहेत, आणि चारही गावांची नावं आपण थट्टेला वापरली. मग घरात कुणाला खरोखर तिथे न्यायची वेळ आली, की आपल्याच थट्टेची आपल्याला लाज वाटते आणि आपण नेत नाही. 'मेंटल', 'सायको', 'डोक्याने अर्धवट', 'स्क्रू ढिला' हे शब्द आपली मुलं कुठे शिकतात? जेवणाच्या ताटावर, आपल्याकडून.

मी 'वेडा' हा शब्दच तोंडातून काढून टाका म्हणत नाही. आपल्या भाषेत त्यात मायाही आहे. आई लेकराला "वेड्या, जेवलास का?" म्हणते तेव्हा कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं तेव्हा, जेव्हा तो शब्द माणसाच्या नावाच्या जागी जाऊन बसतो. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात भावाला हिणवून बोलण्याबद्दल किती कडक इशारा दिला आहे, ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायात पाहा. आपल्या मराठी शास्त्रात तिथे 'वेडगळ' हाच शब्द आला आहे. आणि प्रभूला स्वतःला हे नाव मिळालं आहे. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात त्याच्या घरचेच लोक त्याला धरून न्यायला निघाले, कारण त्याला भ्रम झाला आहे अशी बोलवा होती. घरच्यांनीच असं म्हणणं काय असतं, हे आपल्या तारणाऱ्याला अनुभवाने ठाऊक आहे.

आता एक अवघड विषय. मंडळीत पुष्कळ जण विचारतात, ताई, मग दुरात्मे नाहीतच असं तुम्हाला म्हणायचं आहे का? मी तसं म्हणत नाही. मी फक्त मत्तय 4:24 पुन्हा वाचायला सांगते. प्रभूकडे कोणकोणते दुखणाईत आणले, त्याची तिथे यादी आहे. त्यात भूतग्रस्त वेगळे आहेत, फेफरेकरी वेगळे आहेत आणि पक्षघाती वेगळे आहेत. सुवार्ता लिहिणाऱ्याने सगळ्यांना एका दोरीने बांधलं नाही, मग आपण का बांधावं? फेफरेकऱ्यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ चंद्राने पछाडलेला असा होतो. इंग्रजीतला 'ल्युनॅटिक' हाही लॅटिनमधल्या चंद्रावरूनच आला, आणि जुन्या इंग्रजी बायबलात या ठिकाणी तोच होता. पुढच्या भाषांतरकारांनी तो बदलून साधं आजाराचं नाव घातलं. शब्द सुधारल्याने शास्त्राचा अधिकार कमी झाला नाही. प्रार्थना जरूर करा, उपास करा, पण औषध बंद करायला सांगू नका. लूक वैद्य होता, आणि पौलाने त्याचा उल्लेख प्रेमाने केला आहे.

शब्द बदलणं आपल्या मिशनांना नवीन नाही. 1874 साली वेल्स्ली बेली यांनी जी सेवा सुरू केली तिच्या इंग्रजी नावात रोग्यांना त्यांच्या रोगाच्या नावाने ओळखलं जाई. 1965 साली ते नाव बदलून 'लेप्रसी मिशन' झालं. रोगाचं नाव राहिलं, माणसाला चिकटलेलं काढलं. मराठीतही आपण 'महारोगी' म्हणत होतो, आता 'कुष्ठरुग्ण' म्हणतो. नुसत्या शब्दाने कुणी बरं झालं नाही, त्याला औषधच लागलं. पण औषध घ्यायला माणूस उजेडात यावा लागतो, आणि 'महारोगी' म्हणून हाक मारली तर कोण येईल?

देशाच्या कायद्यानेही हा प्रवास केला आहे. 1912 चा कायदा 'ल्युनसी ॲक्ट' होता, म्हणजे नावातच तो चंद्र. 1987 साली नवा कायदा झाला. आज लागू आहे तो मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, आणि त्याची भाषा 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' अशी आहे. आधी व्यक्ती. या कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधून ठेवायला मनाई केली आहे. ती का करावी लागली, हे तमिळनाडूतल्या एरवाडीने शिकवलं. 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे तिथल्या एका आसऱ्याला आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेले 28 जण पळू न शकल्याने गेले. ते ठिकाण दुसऱ्या धर्माच्या श्रद्धास्थानाजवळ होतं म्हणून आपण बोट दाखवायचं कारण नाही. मी पाहिलेली दोरी आपल्या प्रार्थना-सभेला येणाऱ्या घरातली होती.

याच कायद्यात गोपनीयतेचा हक्कही आहे. उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण इथे आपल्या वार्तापत्राचा प्रश्न येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रेमळ देणगीदारांनी सुचवलं होतं, "ताई, खांबाला बांधलेली असतानाचा फोटो आणि बरी झाल्यावरचा फोटो शेजारी-शेजारी छापा. लोकांचं मन द्रवेल." त्यांचा हेतू चांगला होता, आणि कदाचित मदत जास्त आलीही असती. पण तो फोटो म्हणजे माझ्या वहीतला शेराच, फक्त हजार प्रतींत छापलेला. आम्ही तो छापणार नाही. त्यामुळे वर्गणी थोडी कमी आली, तर ती तूट भरून काढायची विनंती मी तुम्हालाच करते.

शेवटी चार साध्या गोष्टी मागते.

पहिली, प्रार्थनेच्या चिठ्ठ्या. 'अमक्याच्या सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला आहे' असं पुलपिटावरून वाचू नका. 'एक भगिनी आजारी आहे' एवढं देवाला पुरतं. तिचं नाव त्याला माहीत आहे.

दुसरी, नाव ठेवायच्या आधी विचारा. झोप लागते का? जेवण जातं का? कधीपासून? कसली भीती वाटते? आणि जमेल तर तिलाच विचारा, शेजारणीला नको.

तिसरी, रस्ता माहीत करून घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करा. शासनाची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. तो इथे बसल्या-बसल्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. कुणी जिवाचं बरंवाईट करून घेण्याचं बोलत असेल तर त्याला 'नाटक' म्हणू नका, एकटं सोडू नका आणि लगेच मदत मिळवा.

चौथी, बरं झालेल्या माणसाला बरं झाल्यासारखं वागवा. त्याला मंडळीत काम द्या. वाचन द्या, दानपेटी द्या, तरुण संघाचा हिशेब द्या. आजारातून उठलेल्या माणसाला पाच वर्षांनीही "आता बरं आहे ना?" असं खालच्या आवाजात विचारत राहिलो, तर आपण त्याचा शेरा पुढच्या वहीत उतरवत असतो.

त्या संध्याकाळनंतर मी आमच्या सगळ्या वह्या काढल्या आणि शेऱ्याचा रकाना घराघराने तपासला. 'वेडसर' एकटा नव्हता. 'मंद', 'दारुड्या', 'नालायक', 'पळून आलेली' असे शब्द होते, आणि निम्मे माझ्या अक्षरात होते. आता आमच्या वहीत तो रकानाच नाही. त्या जागी 'कोणती मदत हवी?' असा रकाना आहे, आणि तो त्या माणसाला विचारूनच भरायचा असतो.

तिच्या ओळीत त्या वर्षी लिहिलं गेलं: दोन शेळ्या. कर्ज मंजूर झालं, आणि तिने ते ठरल्या मुदतीच्या दोन महिने आधी फेडलं.

प्रभू आपल्या तोंडच्या शब्दांवर पहारा ठेवो आणि आपणां सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.